बडोद्याचा मैत्री करार

मला बडोद्याला का बोलावले होते, हे शेवटच्या दिवसापर्यंत मला पूर्णपणे कळले नव्हते. जे कारण सांगितले गेले ते खोटे नव्हते, अपुरे होते. वृत्तपत्राच्या टेबलावर आयुष्य गेल्यावर अपुरे कारण ओळखू येते. मला ते तिकीट काढतानाच ओळखू आले होते. तरीही गेलो.

सांगितलेले कारण असे. समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा मी आमच्या पुण्याच्या दैनिकात एक टिपण लिहिले होते. लग्न करण्याचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर तो संसदेने करावा, मात्र दोघांनी एकत्र राहण्याला कोणाची आडकाठी नाही, असा निकालाचा सारांश होता. मत दिलेले नव्हते. आलेल्या पत्रांत बहुतेक शिव्या होत्या, दोन्ही बाजूंच्या. एक पत्र बडोद्याहून आले होते. ‘तुम्ही कोणाचीच बाजू घेतली नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे,’ एवढे एक वाक्य आणि खाली सही, हेमलता. पुढे अधूनमधून फोन होत राहिले. त्या आणि नलिनी नावाच्या एक शिक्षिका अठरा वर्षे एकत्र राहत होत्या.

या हिवाळ्यात हेमाताईंचा फोन आला. नलिनीताईंच्या पोटात गाठ निघाली होती. सोमवारी शस्त्रक्रिया. त्याआधी, शुक्रवारी, दोघी एक करार नोंदवून घेणार होत्या. आजारपणात एकीच्या वतीने दुसरीने निर्णय घ्यावा, दवाखान्यात तिला घरचे माणूस मानावे, असे त्यात लिहिलेले असेल.

“येऊन बघा,” त्या म्हणाल्या. “आणि आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स आणा. लॉजवाले मागतात.”

दोन कशाला, असा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. पुढच्या मजकुरात माणसांची नावे बदललेली आहेत. गावांची नाहीत.

मंगळवार, समा

स्टेशनसमोरच्या लॉजवाल्याने माझ्या कार्डाचा मोबाईलवर फोटो काढला आणि कार्ड परत दिले. झेरॉक्स मागितली नाही. दोन्ही प्रती माझ्या बॅगेत तशाच राहिल्या.

सकाळी सेव-उसळ खाल्ली. पुण्याच्या माणसाला ही मिसळीची बहीण वाटते, पण मिसळीत फरसाण आधी आणि रस्सा नंतर. इथे शेव वेगळ्या ताटलीत येते आणि ती किती घालायची हे खाणाऱ्यावर सोपवलेले असते. तिखट तर्रीही बाजूला ठेवतात. मी पुण्याच्या मापाने ओतली. नाक पुसताना वहीचे पहिले पान लाल झाले. शेजारचा माणूस हसून म्हणाला, “धीरे धीरे, साहेब.” बडोद्यात हा सल्ला पुढे आणखी एकदा ऐकू आला, वेगळ्या विषयावर.

समा हा शहराच्या उत्तरेचा भाग. एकासारख्या एक हौसिंग सोसायट्या, प्रत्येकीला फाटक, प्रत्येक फाटकाशी वही. नाव, कोणाकडे, काय काम. कामाच्या रकान्यात मी ‘भेट’ लिहिले. सोसायटीचे सेक्रेटरी जयेशभाई बाजूच्या खुर्चीत ऊन खात बसले होते. त्यांनी वही स्वतःकडे फिरवून वाचली.

“पुण्याहून? फक्त भेटायला?” त्यांनी हिंदीत विचारले.

“हो.”

“सगेवाले?”

“ओळखीचा.”

“बन्ने बहेनो बहु सारी छे,” ते म्हणाले. दोघी बहिणी फार चांगल्या आहेत. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. “इथे काही प्रॉब्लेम नाही, साहेब. सोसायटीमां बधुं चाले. कागळ पर न आववुं जोईए.”

सोसायटीत सगळे चालते, फक्त कागदावर यायला नको. मी काही विचारलेले नसताना हे उत्तर आले होते. ते मी जसेच्या तसे उतरवून घेतले. या विषयावर दिल्लीत जे युक्तिवाद झाले, त्यातल्या काहींचा अर्थही हाच होता, फक्त ते लांबलचक होते.

घरात शिरताच हिंचका लागतो. गुजरातेतल्या दिवाणखान्यात पाहुण्याला खुर्चीआधी हिंचका दाखवतात. आपल्याकडे झोपाळा अंगणात असला तर असतो. इथे त्याच्यावर बसून माणसे हिशेबाने गंभीर गोष्टी बोलतात. हेमाताई उंच, हाडकुळ्या, बाजव्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. नलिनीताई ठेंगण्या, गणिताच्या शिक्षिका, बोलताना समोरच्याचे वाक्य मनात तपासून घेणाऱ्या.

“जयेशभाईंनी अडवलं ना?” नलिनीताई म्हणाल्या. “त्यांच्या वहीत आम्ही मावसबहिणी आहोत. घर घेतलं तेव्हा हिनंच लिहून दिलं.”

“लिहून दिलं नसतं तर घर मिळालं असतं?” हेमाताई.

“मी कुठं नाही म्हणते? चांगलं खोटं होतं. अठरा वर्षं टिकलं.”

मी विचारले, जयेशभाईंना खरे माहीत आहे का?

“त्यांना काय माहीत आहे ते त्यांनाच माहीत,” हेमाताई म्हणाल्या. “दिवाळीला मिठाईचा डबा येतो. एकच डबा, दोघींच्या नावाचा. त्यावरून काय ते ओळखा.”

कराराचा मसुदा टेबलावर होता. वर गुजरातीत ठळक अक्षरांत शीर्षक: मैत्री करार. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नाव नवे असेल. गुजरातेत एके काळी विवाहित पुरुष दुसऱ्या बाईला जवळ करताना असा कागद करीत. लग्न नव्हे, पण कागद तर आहे, अशी ती सोय होती. त्यावर टीका झाली आणि तो मागे पडला. अलीकडे काही बायका-बायकांनी हाच कागद आपल्यासाठी वापरला आहे. यांच्या वकीलबाईंनी तोच सुचवला होता, कारण गुजरातेतल्या कोणत्याही कारकुनाने हे नाव ऐकलेले असते.

“मला हे आवडलेलं नाही,” हेमाताई म्हणाल्या. “मला लग्नच हवंय. अर्धं मागितलं की पाव मिळतं.”

“हिला पत्रिका छापायचीये,” नलिनीताई म्हणाल्या. “मला लग्न नको. मला फक्त सोमवारी शुद्धीवर आल्यावर हिचं तोंड दिसायला हवं.”

हे हसत म्हटलेले वाक्य होते. हेमाताई हसल्या नाहीत. मागच्या वर्षी नलिनीताई चक्कर येऊन पडल्या, तेव्हा एका दवाखान्यात हेमाताईंनी सही करायला पेन उचलले आणि समोरच्या माणसाने नाते विचारले. मावसबहीण, त्या म्हणाल्या. सख्खे कोणी आहे का? डभोईला भाऊ आहे. मग भावाला बोलवा. भाऊ येईपर्यंतचे चार तास हेमाताई जिन्यावर बसून होत्या. आत काय चालले आहे ते त्यांना कोणी सांगितले नाही.

“म्हणजे ते चांगलं खोटंच तुमच्या आड आलं,” मी म्हणालो.

“खरं सांगितलं असतं तर जिन्यावरही बसू दिलं नसतं,” हेमाताई म्हणाल्या.

जेवायला आमटी होती. गोड. नलिनीताईंच्या घरची मंडळी तीन पिढ्या बडोद्यात, त्यामुळे गूळ आमटीत शिरला आणि भाजीला त्या शाक म्हणतात. जेवताना दोघींनी माझ्या पानाकडे फार लक्ष दिले. इतका पाहुणचार बातमीदाराच्या वाट्याला सहसा येत नाही. आला तर त्यामागे काही मागणे असते.

बुधवार, बाजवा

दुसऱ्या दिवशी हेमाताई म्हणाल्या, बाजव्याला जुन्या सहकाऱ्याकडे जायचे आहे, चला. कशासाठी? “पापड द्यायचेत.”

बाजव्याच्या आधीच रिफायनरी दिसू लागते. दिवसाही धुराड्याच्या टोकाला ज्योत असते आणि हवेला गोडसर जळका वास. इथल्या वसाहतींत मराठी कुटुंबे पुष्कळ. एका दारावर गुढीचा वाळका हार अजून होता, शेजारच्या दारावर गुजराती तोरण. रस्त्यात एक आई मुलाला मराठीत रागावत होती आणि मुलगा गुजरातीत उत्तरे देत होता. दोघांचे भांडण व्यवस्थित चालले होते.

मला रिक्षात बसवून हेमाताई एका दुमजली घरात गेल्या. हातात पापडांची पिशवी आणि एक कागदाचा लिफाफा. दहा मिनिटांनी परतल्या. पिशवी नव्हती. लिफाफा होता.

“घरी नव्हता,” त्या म्हणाल्या.

त्या आत असताना वरच्या गच्चीवर बनियनमधला एक माणूस येऊन कठड्याला टेकून उभा राहिला होता. खालून कोणी हाक मारल्यावर आत गेला. त्या निघाल्यावर तो पुन्हा बाहेर आला आणि रिक्षा वळेपर्यंत बघत राहिला. मी हे हेमाताईंना सांगितले नाही. त्यांनीही परतीच्या वाटेवर काही सांगितले नाही. समा आल्यावर फक्त म्हणाल्या, “पापड तरी परत आणायला हवे होते.”

गुरुवार, डभोई

करारावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पहिला साक्षीदार म्हणून नलिनीताईंना त्यांचा धाकटा भाऊ अरविंद हवा होता. त्याने फोनवर ‘या, बघू’ म्हटले होते. ‘बघू’ हा शब्द माझ्या धंद्यात नकाराच्या खात्यात मोडतो.

डभोईची एसटी तासाभराची. दोन्ही बाजूंना कपाशी, एरंडी, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. नलिनीताई खिडकीशी बसल्या होत्या, पोटावर पर्स घट्ट धरून. खड्डा आला की हेमाताई त्यांच्या पाठीमागे हात धरीत. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी मागे वळून विचारले, “बहेन छो?” बहिणी का? दोघी एकदम “हा” म्हणाल्या. सरावाचे उत्तर होते.

वेळ होता म्हणून हिरा भागोळ पाहिली. डभोईच्या कोटाचा हा दरवाजा. दगडावर इतके कोरीव काम आहे की हातभर मोकळी जागा शोधावी लागते. गोष्ट अशी सांगतात की, हा दरवाजा करणाऱ्या हिरा नावाच्या कारागिराने एका बाईसाठी तळे बांधायला दरवाजाचे दगड वळवले. राजाने त्याला भिंतीत चिणले. त्या बाईने दगडांच्या फटीतून तूप ओतून त्याला जिवंत ठेवले. ही बाई त्याची बायको होती की प्रेयसी, यावर दोन पाठ आहेत. दरवाजाशी चहा विकणाऱ्याने बायको सांगितले. तिथे बसलेल्या गिऱ्हाइकाने त्याला वेड्यात काढले.

“तूप ओतलं ना?” हेमाताई म्हणाल्या. “मग कोण होती ते कशाला विचारायचं?”

“राजाच्या पहारेकऱ्यानं विचारलं असतं,” नलिनीताई म्हणाल्या.

अरविंदचे शेतीच्या पंपांच्या सुट्या भागांचे दुकान आहे आणि मागे घर. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. बहिणीच्या पाया पडला. हेमाताईंना “आवो, हेमाबेन” म्हणाला. मला “बसा, साहेब” म्हणाला आणि बसायची जागा दाखवली ती दुकानातली, घरातली नव्हे. त्याच्या बायकोने, सुलभाने, आतून हाक मारली तेव्हा मी आत गेलो.

भाकरीपेक्षा कडक गुजराती भाखरी, वांग्याचे शाक, कढी. जेवण होईपर्यंत कामाचे बोलायचे नाही, हा सुलभाचा नियम होता. अरविंदने तो मोडला. मसुदा उघडला, शीर्षक वाचले आणि कागद ताटाशेजारी पालथा घातला.

“हे नाव कोणी दिलं, ताई?”

“वकीलबाईंनी. गुजरातेत सगळ्यांना माहीत असतं म्हणून.”

“आपल्या घरात तर असतंच,” तो म्हणाला.

मग तो माझ्याशी बोलू लागला. बहिणीकडे बघून त्याला ते बोलता येत नसावे. त्यांचे वडील रेल्वेत होते, प्रतापनगरला. त्यांनी विमळाबेन नावाच्या एका बाईशी मैत्री करार केला होता. आईला ते शेजारणीकडून कळले. आई त्यानंतर वडिलांशी अकरा वर्षे बोलली नाही, स्वयंपाक मात्र रोज केला. वडील वारले तेव्हा विमळाबेन दारात आली. हातात तो कागद होता.

“मी बावीस वर्षांचा होतो. दारात मीच उभा होतो. म्हटलं, बेन, हा कागद आमच्या घरात चालत नाही. ती पायरीवर बसली. आम्ही वडिलांना तिच्या बाजूनं घेऊन गेलो. तिनं तोंड बघितलं नाही. मी बघू दिलं नाही.”

“मी खिडकीत होते,” नलिनीताई म्हणाल्या. “मी पण गप्प बसले.”

“आणि आता तेच नाव घेऊन तू माझ्याकडे आलीस. सहजीवन लिही, सोबत लिही, दुसरं काहीही लिही. हे नको.”

“पण हेमाताई कोणाचं घर फोडून आल्यात?” सुलभा चुलीकडून म्हणाली.

“तू मध्ये बोलू नको.”

“मी मध्ये कुठं बोलते? कढी वाढतेय.”

तिने कढी वाढली, नवऱ्याला न विचारता, वाटी काठोकाठ.

नलिनीताईंनी कागद उचलून पुन्हा सुलटा केला. शिक्षिकेचा आवाज होता, पण खालच्या पट्टीत. “अरू, कागदानं काही होत नाही, हे तूच मला त्या दिवशी दाखवलंस. दारात उभा असलेला माणूस मानेल तर आत, नाही मानणार तर पायरीवर. सोमवारी माझ्या दारात तूच असणार आहेस. कायद्यानं तूच माझा. म्हणून मला तुझी सही हवी. उद्या तुला म्हणता येऊ नये की मला माहीत नव्हतं.”

अरविंद बराच वेळ भाखरीचे तुकडे करीत राहिला. खाल्ले नाहीत.

“हेमाबेन, तुम्ही काही बोलत नाही?”

“मी मागच्या वेळी चार तास जिन्यावर बसले होते, अरविंदभाई,” हेमाताई म्हणाल्या. “तुम्ही आलात, माझ्या बाजूनं वर गेलात. म्हणालात, तुम्ही आता घरी जा.”

“मी चांगल्यासाठी म्हटलं होतं. दमला होतात.”

“असेल.”

अरविंदने माझ्याकडे पाहिले. “साहेब, तुम्ही हे छापणार? पोरीचं बघतोय. आणंदचं स्थळ आहे.”

“ठरवलेलं नाही,” मी म्हणालो. ते खरे होते. त्याला ते खोटे वाटले, हेही दिसत होते.

“उद्या किती वाजता?”

“अकरा.”

“बघू.”

निघताना सुलभाने नलिनीताईंना डिंकाचे लाडू दिले, शस्त्रक्रियेनंतरसाठी. बशीत नव्हे, डब्यात. डबा मोठा होता. परतीच्या बसमध्ये मी त्याचा अर्थ लावत होतो: डबा परत न्यायला कोणीतरी येईल, असा, किंवा कोणी येणार नाही, म्हणून एकदाच भरपूर, असा. वहीत दोन्ही लिहिले.

शुक्रवार, न्यायालयाबाहेर

न्यायालयाच्या आवाराबाहेर झाडाखाली नोटरींची टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर शिक्क्यांची चळत, शाईचे पॅड, एक बाटली पाणी. वकीलबाई तरुण, घाईत, पण अचूक. त्यांनी दोघींना पुन्हा एकदा सांगितले, “हा विवाह नाही. कोर्टात किती टिकेल याची खात्री मी देत नाही. दवाखान्यानं ऐकलं तर ऐकलं. रिकाम्या हातापेक्षा बरं, एवढंच.”

“समजलं,” नलिनीताई म्हणाल्या. “शून्यापेक्षा मोठं आहे ना, बस.”

वकीलबाईंनी यादी पाहिली. “साक्षीदार एक, भाऊ. साक्षीदार दोन...” आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. “आपण ना? आधारची कॉपी आणलीत?”

अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. झेरॉक्सच्या दोन प्रतींचा खुलासा तेव्हा झाला.

हेमाताईंनी नजर चुकवली नाही. “बाजव्याचा माणूस बुधवारी नाही म्हणाला. वर्षभर हो म्हणत होता. सोसायटीतल्या कोणाला विचारणार? तिथं आम्ही मावसबहिणी.”

“तुम्ही झेरॉक्स बुधवारच्या आधी मागितल्या होत्या.”

“माणसं ऐन वेळी नाही म्हणतात, हे मला बुधवारच्या आधीपासून माहीत होतं.”

“मला आधी विचारायचं.”

“तुम्ही आला असता?”

नसतो आलो. बातमीदार ज्या कागदावर सही करतो त्याची बातमी लिहू शकत नाही. माझ्या टेबलावर शिकाऊ मुलांना मी हे पहिल्या आठवड्यात सांगत असे. सल्ल्यासाठी फोन करावा असे कोणी आता नव्हते. मी म्हणालो, आधी भाऊ येऊ द्या. ते उत्तर म्हणजे ‘बघू’च होते, हे माझ्या लक्षात आले.

साडेअकरा झाले. पावणेबारा. डभोईहून दर अर्ध्या तासाला गाडी असते. नलिनीताई टेबलाशी स्टुलावर बसून होत्या, हेमाताई उन्हाच्या बाजूला उभ्या राहून त्यांच्यावर सावली धरीत. फोन लागत नव्हता. वकीलबाईंना एक वाजता दुसरीकडे हजर राहायचे होते. मी वहीत लिहिले: येणार नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी अरविंद आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. उशिराचे कारण सांगितले नाही. पिशवीतून एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद काढून त्याने बहिणीच्या मांडीवर ठेवला. वर तेच शीर्षक, खाली जांभळा शिक्का विटलेला.

“आईच्या ट्रंकेत होता. ती बाई पायरीवर ठेवून गेली होती, आईनं उचलून ठेवला. का ठेवला ते माहीत नाही. आता तू सांभाळ. माझ्या घरात नको.”

मग त्याने पेन मागितले आणि उभ्यानेच सही केली.

नोटरीच्या कारकुनाने सही त्याच्या पॅनकार्डाशी ताडून पाहिली. कार्डावर गुजरातीत पूर्ण नावाची सही होती. कागदावर इंग्रजी आद्याक्षरांची एक वेलांटी होती.

“अरविंदभाई, आ सही तमारी नथी लागती.” ही सही तुमची वाटत नाही.

शेजारच्या टेबलावर भाडेकराराचा शिक्का तेवढा आपटला. न जुळणारी सही उद्या नाकारता येते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. अरविंदलाही कळत असावे. दुकानात पावतीवर करतो तशी हाताला आली, असे तो म्हणाला. तसे असू शकते. दिवसातून पन्नास पावत्या करणाऱ्या माणसाचा हात तसा जातो. त्याने मागचे दार उघडे ठेवले होते, असेही असू शकते. मी दोन्ही शक्यता नोंदवल्या आणि आजही दोन्हींपैकी एक खोडू शकलेलो नाही.

“परत कर, अरू,” नलिनीताई म्हणाल्या. “सावकाश.”

तो स्टुलावर बसला. चष्मा लावला. गुजरातीत आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर काढून लिहिले. त्याला वेळ लागला. वडिलांच्या नावापाशी हात थांबला, मग पुढे गेला.

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. माझ्या पॅनकार्डाशी जुळली.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकावर जाण्याची वेळ लिहिताना जयेशभाई तिथेच होते. “काम पती गयुं?” त्यांनी विचारले. झाले का काम?

“कोणतं काम?”

“जे होतं ते,” ते म्हणाले, आणि वही मिटली.

पुण्याहून

बातमी अर्थातच लिहिली नाही. संपादकांना तसे कळवले. जे लिहिता येते ते हे: चार दिवस, दोन गावे, काय खाल्ले, कोण भेटले.

सोमवारी मी तिथे नव्हतो. पुढचे ऐकीव आहे, आणि ते तसेच वाचावे. शस्त्रक्रिया चार तास चालली. नंतर रुग्णाला पाहायला एकाच माणसाला आत सोडतात. दाराशी पहारेकरी होता. त्याने विचारले, सख्खे कोण? अरविंद पुढे झाला. हेमाताई जिन्याकडे वळल्या, कारण या प्रश्नानंतर काय होते ते त्यांना आता ठाऊक होते. कराराचा कागद पर्समध्ये होता. तो बाहेर काढायचे त्यांना सुचले नाही. अरविंद दारापर्यंत गेला, तिथे थांबला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, “हुं नहीं. आ बेनने जवा दो.” मी नाही, या बाईंना जाऊ द्या. पहारेकऱ्याने नाते विचारले. अरविंद म्हणाला, मी भाऊ आहे आणि मी सांगतो आहे. मग तो जिन्यावर जाऊन बसला.

हेमाताईंनी मला हे त्याच रात्री फोनवर सांगितले. नलिनीताईंनी दहा दिवसांनी, आवाजात जोर आल्यावर. त्यांनी शुद्धीवर येताना दाराच्या काचेतून भावाची पाठ पाहिली होती, आणि समोर दुसरे तोंड. दोन्ही कथने मी वेगवेगळी लिहून घेतली. तपशील जुळतात.

अशी गोष्ट छापायची तर दोन स्वतंत्र सूत्रे लागतात, हा आमचा जुना नियम आहे. या दोघींना स्वतंत्र धरावे की नाही, यावर मी काही दिवस घालवले. कायदा वाचून पाहिला. त्या बाबतीत तो निःसंदिग्ध आहे: त्यांचे एकमेकींशी काहीही नाते नाही.

तेव्हा छापायला हरकत नसावी.